सेन्सर नेटवर्कसाठी छोटा, कमी खर्चाचा रेडिओ रिसीव्हर: कागदावरच्या हिशेबापासून चाचणीपर्यंत

बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सर नोडमध्ये सगळ्यात जास्त वीज कोण खातो असे विचारले, की बहुतेक जण ट्रान्समीटरकडे बोट दाखवतात. हिशेब मांडला की चित्र पालटते. ट्रान्समीटर ३० मिलिअँपिअर घेत असला तरी दहा मिनिटांतून जेमतेम सात मिलिसेकंद चालतो. रिसीव्हर १५ मिलिअँपिअरच घेतो, पण संदेश कधी येणार हे ठाऊक नसल्यामुळे त्याला कान लावून बसावे लागते. २५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचे दोन एए सेल एकापुढे एक जोडले आणि रिसीव्हर सतत चालू ठेवला, तर ते सुमारे १६७ तासांत, म्हणजे आठवडाभरात संपतात. सीआर२०३२ हा गोल सेल तर १५ तासही नीट टिकत नाही.

तेव्हा रिसीव्हरचे डिझाइन म्हणजे मुळात दोन हिशेब: किती रुंद पट्टा ऐकायचा आणि किती वेळ ऐकायचा. हे दोन आकडे कागदावर पक्के झाले की स्वस्तातली चिपही उत्तम काम देते. ते चुकले तर महागडी चिपही वाचवू शकत नाही.

आधी गरज लिहून काढा

पुढच्या सगळ्या आकडेमोडीसाठी एक उदाहरण धरू. नोड दर १० मिनिटांनी २० बाइट माहिती पाठवतो आणि मुख्य केंद्राकडून येणाऱ्या सूचना ऐकतो. अंतर १५० मीटर, अँटेना जमिनीपासून १ मीटर उंच, तापमान उणे १० ते ६० अंश सेल्सिअस, वीज दोन एए सेलची, आयुष्य किमान दोन वर्षे. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ही सहा उत्तरे लिहून झाल्याशिवाय सर्किट काढायला बसू नका. उंची आणि तापमान हे दोन रकाने लोक हमखास रिकामे सोडतात, आणि शेवटी प्रकल्प नेमका तिथेच अडकतो.

रिसीव्हरचा प्रकार

सगळ्यात स्वस्त सर्किट सुपर-रीजनरेटिव्ह. एडविन आर्मस्ट्राँग यांनी ते १९२२ मध्ये मांडले आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या स्वस्त हिरव्या मॉड्यूलांमध्ये ते आजही दिसते. एक-दोन ट्रान्झिस्टर, एक कॉइल, एक ट्रिमर, बस्स. संवेदनक्षमता अनपेक्षितपणे चांगली असते, पण निवडक्षमता जवळपास नसते. शेजारच्या चॅनेलवरचे सगळे आत येते, तापमान बदलले की वारंवारिता सरकते आणि रिसीव्हर स्वतःच थोडाफार प्रक्षेपण करत राहतो. सिग्नल नसताना आउटपुट पिनवर नुसता खरखराट येतो, त्यामुळे मायक्रोकंट्रोलरला सतत जागे राहून तो गाळावा लागतो. भिंतीतल्या विजेवर चालणारा, एकाच दिशेने ऐकणारा, दहा-वीस मीटरवरचा रिसीव्हर हवा असेल तरच हा मार्ग धरा. दोन-चार नोडांपुढे नेटवर्क गेले की तो सोडा.

दुसरा मार्ग म्हणजे क्रिस्टल असलेला, फक्त वाहकाची चालू-बंद ओळखणारा सुपरहेट (आलेला सिग्नल ठरावीक मधल्या वारंवारितेवर आणून गाळणारा रिसीव्हर). वारंवारिता स्थिर राहते, पण चालू-बंद पद्धतीत रिसीव्हरला 'किती जोरात म्हणजे १' ही रेघ स्वतः ठरवावी लागते. जवळपास दुसरा ट्रान्समीटर सुरू झाला की ती रेघ सरकते आणि बिट चुकतात.

सेन्सर नेटवर्कसाठी आमची शिफारस एफएसके पद्धतीच्या (वारंवारिता किंचित सरकवून ० आणि १ पाठवणाऱ्या) ट्रान्सीव्हर चिपची आहे. फिल्टर, सिंथेसायझर, डीमॉड्युलेटर, पॅकेट हाताळणारे हार्डवेअर सगळे एकाच तुकड्यात मिळते. खाली उदाहरण म्हणून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सीसी११०१ घेतली आहे. ती २० पिनांची, ४ × ४ मिलिमीटरची, १.८ ते ३.६ व्होल्टवर चालणारी चिप आहे, आणि तिचे बारकावे सर्वांना माहीत झाले आहेत. कित्येक किलोमीटर जायचे असेल आणि माहिती अगदी थोडी असेल तर लोरा ही लांब पल्ल्याची, मंद वेगाची रेडिओ पद्धत बघा. मात्र त्यात प्रत्येक पॅकेट हवेत खूप जास्त वेळ राहते, हे हिशेबात धरा.

बँड देशाच्या नियमांनुसार ठरतो: युरोपात ४३३ आणि ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास, अमेरिकेत ९०२ ते ९२८, भारतात ८६५ ते ८६८, आणि २.४ गिगाहर्ट्झ जवळपास सर्वत्र. २.४ गिगाहर्ट्झवर अँटेना लहान होतो, पण तेवढ्याच अंतरावर ८६८ च्या तुलनेत सुमारे ९ डेसिबल जास्त नुकसान होते आणि वायफायची गर्दी असते ती वेगळीच. आकडेमोड सोपी जावी म्हणून इथे ८६८ धरू.

क्रिस्टल आणि बँडविड्थ: खरी बचत इथे

वेग ३८.४ किलोबिट प्रतिसेकंद घ्या आणि विचलन (० किंवा १ पाठवताना वारंवारिता मध्यापासून जितकी सरकते ते) २०.६ किलोहर्ट्झ. सिग्नलची रुंदी साधारणपणे वेग अधिक दुप्पट विचलन, म्हणजे ३८.४ + ४१.२ = सुमारे ८० किलोहर्ट्झ.

आता क्रिस्टलची चूक मिळवा. साध्या २६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलची मूळ चूक ±१० पीपीएम (पीपीएम म्हणजे दशलक्षातला एक भाग), तापमानामुळे ±१५, वय वाढल्यामुळे ±५, अशी एकूण ±३० पीपीएम धरा. ८६८ मेगाहर्ट्झवर ३० पीपीएम म्हणजे २६ किलोहर्ट्झ. पाठवणारा वर सरकला आणि ऐकणारा खाली, तर फरक ५२ किलोहर्ट्झ होतो, आणि तो दोन्ही बाजूंना होऊ शकतो. म्हणजे आणखी १०४ किलोहर्ट्झ रुंदी लागली. एकूण १८४. फिल्टरच्या कडांना सिग्नल कापला जातो म्हणून ही बेरीज फिल्टरच्या ८० टक्क्यांत बसवायची: १८४ ÷ ०.८ = २३०. सीसी११०१ मध्ये फिल्टरच्या ठरावीक पायऱ्या आहेत: ५८, ६८, ८१, १०२, ११६, १३५, १६२, २०३, २३२, २७०, ३२५ आणि पुढे ८१२ किलोहर्ट्झपर्यंत. आपल्याला २३२ ची पायरी मिळाली.

फिल्टर जितका रुंद तितका गोंगाट आत. त्यामुळे क्रिस्टलवर वाचवलेला पैसा शेवटी अंतरात मोजावा लागतो. हळू वेग घेतल्यास हे फार बोचते. १.२ किलोबिट आणि ५.२ किलोहर्ट्झ विचलन घेतले तर सिग्नल अवघा ११.६ किलोहर्ट्झचा असतो आणि ५८ चा फिल्टर सहज पुरला असता. पण ±३० पीपीएमचे क्रिस्टल असल्यामुळे १६२ चा लावावा लागतो. 'वेग कमी केला तरी रेंज फारशी वाढली नाही' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा हेच असते.

महाग टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) न लावता यातून सुटका आहे. प्रत्येक बोर्ड तयार झाल्यावर खोलीच्या तापमानाला त्याची मूळ चूक मोजा आणि दुरुस्तीचा आकडा मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये लिहून ठेवा. मोजायला सोपी सोय आहे: सीसी११०१ ची जीडीओ० ही आउटपुट पिन सुरुवातीला क्रिस्टलची वारंवारिता १९२ ने भागून बाहेर देते, म्हणजे २६ मेगाहर्ट्झ अचूक असेल तर १३५४१६.६७ हर्ट्झ. इथे १.३५ हर्ट्झचा फरक म्हणजे १० पीपीएम. फ्रिक्वेन्सी काउंटरचा स्वतःचा संदर्भ १ पीपीएमपेक्षा चांगला असावा. क्रिस्टलच्या पायावर थेट ऑसिलोस्कोपचा प्रोब लावून मोजू नका. प्रोबचीच दहा-एक पिकोफॅरड क्षमता क्रिस्टलला ओढते आणि तुम्ही प्रोबसकटची वारंवारिता मोजता.

मूळ १० पीपीएम अशी काढून टाकली की उरतात ±२०. मग हिशेब ८० + ६९ = १४९, भागिले ०.८ = १८६, म्हणजे २०३ चा फिल्टर. पुढे चालत्या नेटवर्कमध्येही प्रत्येक पॅकेटनंतर वारंवारितेतला फरक सांगणारे फ्रेकएस्ट रजिस्टर वाचा. त्यातली एक पायरी १.५९ किलोहर्ट्झची असते. आलेला फरक एफएससीटीआरएल० या दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये थोडा थोडा घाला. एका फटक्यात पूर्ण घातलात तर गोंगाटातल्या एखाद्या चुकीच्या वाचनाने रिसीव्हर भलतीकडे जाईल.

क्रिस्टलचे लोड कपॅसिटर अंदाजाने लावू नका. १६ पिकोफॅरड लोडच्या क्रिस्टलला दोन्ही बाजूंना २७ पिकोफॅरड लागतात: दोन मालिकेत म्हणजे १३.५, आणि बोर्ड व पिनांची मिळून सुमारे २.५. तेच २७ पिकोफॅरड १० पिकोफॅरड लोडच्या क्रिस्टलला लावले तर वारंवारिता दहा-वीस नव्हे, त्याहून जास्त पीपीएमनी खाली घसरू शकते. दिसायला सारखी, पण लोड वेगळा असलेली क्रिस्टल बदली म्हणून येतात, त्यामुळे खरेदीच्या यादीत लोडचा आकडा ठळक लिहा.

अंतराचा हिशेब

गोंगाटाची पातळी: −१७४ + १० लॉग (बँडविड्थ हर्ट्झमध्ये) + रिसीव्हरचा नॉइज फिगर (रिसीव्हर स्वतः मिसळतो तो गोंगाट, डेसिबलमध्ये). २०३ किलोहर्ट्झसाठी लॉगचा भाग ५३ येतो, नॉइज फिगर ८ धरा: −११३ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). नीट वाचण्यासाठी सिग्नल गोंगाटाच्या १० डेसिबल वर हवा, म्हणून संवेदनक्षमता सुमारे −१०३ डीबीएम.

पाठवणाऱ्याची शक्ती +१० डीबीएम, दोन्ही छोट्या अँटेनांचे −३ आणि −३. म्हणजे वाटेत १०७ डेसिबल हरवले तरी चालते. मोकळ्या अवकाशाच्या सूत्रात हे घातले तर ६ किलोमीटर उत्तर येते, आणि जाहिरातीत तेच छापलेले असते. जमिनीलगत मात्र थेट लहर आणि जमिनीवरून परतलेली लहर एकमेकींना मारतात, आणि नुकसान अंतराच्या चौथ्या घाताने वाढते. तिथे सूत्र वेगळे: ४० लॉग (अंतर मीटरमध्ये) − २० लॉग (दोन्ही उंचींचा गुणाकार). झाडे, ओल, मध्ये येणारी माणसे यांसाठी २० डेसिबल बाजूला ठेवा. उरले ८७. उंची १ मीटर आणि १ मीटर असताना अंतर निघते सुमारे १५० मीटर. आपली गरज जेमतेम भागली.

आता दोन्ही अँटेना ३ मीटरवर न्या. १९ डेसिबल मिळाले आणि अंतर ४५० मीटरच्या आसपास गेले. एवढा फायदा कुठल्याही अॅम्प्लिफायरने होणार नाही. बांबू किंवा पाइप हा रिसीव्हरचा सगळ्यात स्वस्त भाग आहे, हे डिझाइन करणाऱ्याने विसरू नये.

बाहेरचा कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर लावायचा मोह होतो. मोबाइल टॉवर जवळ असेल तर तो टॉवरचा सिग्नलही वाढवतो आणि चिप आतून गुदमरते. टॉवरचा त्रास असेल तर अॅम्प्लिफायरऐवजी सॉ फिल्टर (पृष्ठलहरींवर चालणारा अरुंद फिल्टर) लावा. त्यात २ ते ३ डेसिबल जातात आणि ते थेट संवेदनक्षमतेतून वजा होतात, म्हणून तोही गरज असेल तरच. पहिल्या बोर्डवर त्याची जागा ठेवा आणि तिथे तात्पुरता जंपर लावा.

सर्किट

डेटाशीटमधले रेफरन्स सर्किट जसेच्या तसे घ्या. चिपच्या दोन आरएफ पिनांपासून एका ५० ओहमच्या वाटेपर्यंत नेणारा बलून सुट्या इंडक्टर-कपॅसिटरचा करता येतो किंवा तयार एकसंध तुकडा मिळतो. सुटे भाग स्वस्त, पण नग दहाच्या आसपास होतात आणि प्रत्येक नगाची जोडणी व चूक वेगळी. थोडे बोर्ड करायचे असतील तर तयार तुकडा स्वस्त पडतो. सुट्या भागांत इंडक्टर तारेच्या वेटोळ्याचेच घ्या आणि किंमत जुळली म्हणून दुसऱ्या प्रकारचा घालू नका. मूल्य तेच असले तरी त्याचा क्यू (गुणवत्ता गुणांक) कमी असतो.

बाकीचे थोडक्यात: आरबायस पिनवर ५६ किलोओहम, १ टक्का. डीकपल पिनवर १०० नॅनोफॅरड, आणि त्या पिनवरून दुसऱ्या कशालाही वीज द्यायची नाही. प्रत्येक वीज-पिनजवळ १०० नॅनोफॅरड, रेडिओच्या भागाला सगळ्यात जवळ २२० पिकोफॅरड, आणि बोर्डावर एक १० मायक्रोफॅरड. दोन एए सेल नवे असताना ३.२ व्होल्ट आणि संपताना १.८ व्होल्ट देतात. ही पूर्ण मर्यादा चिपला चालते, त्यामुळे रेग्युलेटरची गरजच नाही. मायक्रोकंट्रोलर १.८ व्होल्टवर किती वेगाने चालू शकतो तेवढे पाहून घ्या. गोल सेल वापरायचाच असेल तर त्याचा आतला रोध थंडीत वाढतो आणि १५ मिलिअँपिअर ओढताच व्होल्टेज बसते, म्हणून शेजारी १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा. इलेक्ट्रोलायटिक नको, त्याची गळतीच झोपेतल्या नोडपेक्षा जास्त भरते.

बोर्ड

दोन थरांचा १.६ मिलिमीटर एफआर४ पुरतो. चिपखाली आणि रेडिओच्या भागाखाली खालचा थर अखंड ग्राउंड ठेवा. त्या भागात खालून एकही तार जाऊ देऊ नका. चिपच्या पोटाखालच्या पॅडला ०.३ मिलिमीटरची किमान पाच छिद्रे ग्राउंडला जोडा. त्या पॅडवर सोल्डर पेस्ट पूर्ण भरू नका. निम्म्याहून थोडी जास्त जागा, तीही चौकोनांत विभागून द्या. पेस्ट जास्त झाली की चिप तरंगते आणि एका बाजूचे पाय उघडे राहतात. असा बोर्ड भिंगाखाली ठीक दिसतो, एसपीआयवर (मायक्रोकंट्रोलर आणि चिपमधल्या डेटा-जोडणीवर) उत्तरही देतो, फक्त रेंज २० मीटर असते.

५० ओहमच्या पट्टीबद्दल फार घाबरू नका. १.६ मिलिमीटर बोर्डावर ती जवळपास ३ मिलिमीटर रुंद लागते आणि छोट्या बोर्डावर ती बसत नाही. पण ८६८ मेगाहर्ट्झवर बोर्डातली तरंगलांबी १९ सेंटिमीटरच्या घरात असते. तिच्या विसाव्या भागापेक्षा, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटरपेक्षा पट्टी आखूड असेल तर रुंदीचा फरक जाणवत नाही. बलून अँटेनाला चिकटून ठेवा, प्रश्न मिटतो.

मायक्रोकंट्रोलरच्या घड्याळाचे हार्मोनिक्स (त्याच्या वारंवारितेच्या पटींवर उमटणारे सिग्नल) हा मात्र खरा शत्रू आहे. ८ मेगाहर्ट्झचा १०८ वा हार्मोनिक ८६४ वर पडतो. मायक्रोकंट्रोलरच्या आतला आरसी ऑसिलेटर १ टक्का इकडे-तिकडे झाला तर तोच हार्मोनिक ८५५ ते ८७३ मध्ये कुठेही फिरतो, आणि एखाद्या दुपारी नेमका तुमच्या चॅनेलवर येऊन बसतो. रेडिओ ऐकत असताना मायक्रोकंट्रोलर झोपवणे हा यावरचा उपाय आहे आणि त्याला काही खर्च नाही. पॅकेट आले की जीडीओ पिन त्याला उठवेल.

अँटेना

पहिल्या बोर्डावर साधी पाव-तरंगलांबीची तार लावा. ८६८ साठी सैद्धांतिक लांबी ८.६ सेंटिमीटर, प्रत्यक्षात ८.२ च्या आसपास. ४३३ साठी १७.३ ऐवजी १६.५. तार मुद्दाम ९ सेंटिमीटर ठेवून एकेक मिलिमीटर कापत या. एक मिलिमीटर म्हणजे साधारण १० मेगाहर्ट्झ. बोर्डाचा ग्राउंड हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. तो ३ सेंटिमीटरचा असेल तर तार कितीही अचूक कापली तरी काही डेसिबल जाणारच. बॅटरीची धातूची पेटी अँटेनाला समांतर ठेवू नका.

अँटेनाच्या तोंडाशी π (ग्रीक अक्षर पाय) आकाराच्या जुळणीसाठी तीन जागा ठेवा: मधल्या जागी १०० पिकोफॅरड, बाजूच्या दोन रिकाम्या. मोजायला नॅनोव्हीएनए हे छोटे मापनयंत्र पुरते. पद्धत अशी: मधला कपॅसिटर काढून चिपची बाजू तोडा, तिथे बारीक कोअॅक्सची ५-७ सेंटिमीटर शेपटी सोल्डर करा, कॅलिब्रेशन शेपटीच्या टोकाशी करा, आणि केबलवर फेराइटचे मणी चढवा. हाताने केबल धरल्यावर आलेख हलत असेल तर केबलच अँटेना झाली आहे, ते माप टाकून द्या. एस११ (अँटेनाकडून परतणाऱ्या सिग्नलचे माप) आपल्या बँडवर −१० डेसिबलपेक्षा खाली आला की पुरे. −३० साठी धडपडण्यात अर्थ नाही, वाढीव फायदा अर्ध्या डेसिबलचाही नसतो.

ही मापे शेवटच्या डब्यात, बॅटरी बसवून, झाकण लावून घ्यायची. प्लास्टिक अँटेनाजवळ आले की अनुनाद खाली सरकतो. उघड्या बोर्डावर उत्तम जुळवलेला अँटेना डब्यात बिघडतो, आणि मग दोष चिपला दिला जातो.

फर्मवेअर

सुरुवात चिप ओळखण्यापासून. पार्टनम रजिस्टर ० आणि व्हर्जन हेक्स १४ (जुन्या नगांत ०४) यायला हवे. ० किंवा एफएफ सतत येत असेल तर एसपीआयच चालत नाही. सगळ्यात सामान्य कारण असे: चिप-सिलेक्ट खाली आणल्यावर डेटा-आउट पिन खाली येईपर्यंत थांबायचे असते, कारण तोवर क्रिस्टल स्थिर झालेला नसतो. ही थांबण्याची ओळ विसरली की टेबलावर चालते आणि थंडीत अडते.

पॅकेटची मांडणी: ४ बाइट प्रिअँबल (रिसीव्हरला लय पकडू देणारी सुरुवात), ४ बाइट सिंक (माहिती कुठून सुरू होते ती खूण), १ बाइट लांबी, २० बाइट माहिती, २ बाइट सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-आकडा). एकूण ३१ बाइट, ३८.४ किलोबिटला साडेसहा मिलिसेकंद. व्हाइटनिंग (पाठवण्याआधी बिट विस्कटण्याची सोय) चालू ठेवा. सेन्सरच्या माहितीत शून्यांची लांब रांग हमखास असते आणि तेवढ्या काळात रिसीव्हर बिटांची लय हरवतो.

तीन खोडी लक्षात ठेवा. रिसीव्ह फिफो (आलेले बाइट साठवणारी चिपमधली रांग) ६४ बाइटचा आहे. तो भरून वाहिला की चिप ओव्हरफ्लो अवस्थेत अडकते आणि फिफो साफ करण्याचा आदेश देईपर्यंत मुकी राहते. दर काही मिनिटांनी चिपची अवस्था तपासणारी ओळ लिहाच. दुसरी: पॅकेट येत असतानाच फिफो पूर्ण रिकामा केला तर शेवटचा बाइट दुबार वाचला जाऊ शकतो. बाइटसंख्या सलग दोनदा सारखी येईपर्यंत वाचा आणि पॅकेट पूर्ण होईपर्यंत एक बाइट आत राहू द्या. तिसरी खोडी सर्वांत फसवी: झोपेत टेस्ट रजिस्टरांची मूल्ये जातात. ३२५ किलोहर्ट्झ किंवा त्याहून अरुंद फिल्टरसाठी टेस्ट२ मध्ये हेक्स ८१ आणि टेस्ट१ मध्ये ३५ लागतात, आणि झोपण्याआधी फिफोथ्र रजिस्टरमधला एडीसी रिटेन्शन बिट १ करावा लागतो. हे केले नाही तर नोड सुरू केल्यावर रेंज छान आणि पहिल्या झोपेनंतर खराब, असा भुताटकीसारखा अनुभव येतो.

किती वेळ ऐकायचे

पहिला मार्ग डोकावण्याचा. दर सेकंदाला उठा, क्रिस्टल सुरू करा (सुमारे ०.१५ मिलिसेकंद), सिंथेसायझर कॅलिब्रेट करा (सुमारे ०.८), हवेत सिग्नल आहे का पाहा आणि झोपा. सगळे मिळून २ मिलिसेकंद. सरासरी १५ मिलिअँपिअर × ०.००२ = ३० मायक्रोअँपिअर. कागदावर नऊ वर्षे निघतात, त्याआधी सेलच म्हातारे होतील. पण पाठवणाऱ्याला आता एक सेकंद लांब प्रिअँबल द्यावा लागतो. ३० मिलिअँपिअरने एक सेकंद म्हणजे डोकावणाऱ्या रिसीव्हरच्या १००० सेकंदांएवढी वीज. दर १७ मिनिटांपेक्षा जास्त वेळा संदेश जात असेल तर बचत पाठवणाऱ्याकडून वसूल होते. शेजारचे नोडही विनाकारण जागतात, सरासरी अर्धा सेकंद. शिवाय जिथे हवेतल्या वेळेवर १ टक्क्याची मर्यादा आहे तिथे तासाला ३६ संदेशच बसतात. लांब प्रिअँबलऐवजी पत्ता असलेली छोटी पॅकेटे ओळीने पाठवली, तर ज्याचे नाव नाही तो लगेच झोपतो आणि ज्याचे आहे तो मध्येच उत्तर देऊन रांग थांबवतो.

दुसरा मार्ग ठरलेल्या वेळेचा, आणि नियमित माहिती पाठवणाऱ्या नेटवर्कसाठी तो कितीतरी सरस आहे. ३२.७६८ किलोहर्ट्झच्या घड्याळ-क्रिस्टलची चूक दोन्हीकडे ±२० पीपीएम धरली तर १० मिनिटांत घड्याळे जास्तीत जास्त २४ मिलिसेकंद सरकतात. २४ आधी उघडा, २४ नंतर बंद करा, पॅकेटचे ७ मिळवा: ५५ मिलिसेकंद. ६०० सेकंदांवर वाटले की सरासरी १.४ मायक्रोअँपिअर. डोकावण्याच्या तुलनेत वीसपट बचत, एकही भाग न वाढवता.

इथेही तापमान आडवे येते. घड्याळ-क्रिस्टल २५ अंशांपासून दूर गेले की दोन्ही बाजूंना मंदच होते: ०.०३४ पीपीएम गुणिले फरकाचा वर्ग. ६० अंशांना तापलेला नोड सुमारे ४२ पीपीएम मागे पडतो. मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या तापमान-सेन्सरवरून ही दुरुस्ती करता येते, किंवा मागच्या आठ-दहा पॅकेटांच्या वेळेवरून सरक काढता येते. एक पॅकेट चुकले तर पुढची खिडकी दुप्पट करा. सलग पाच-सहा चुकली तर ठरावीक वेळ पूर्ण ऐका, आणि त्यालाही कमाल मर्यादा घाला. ही मर्यादा नसेल तर मुख्य केंद्र एक दिवस बंद पडले की सगळे नोड शोधाशोध करत बॅटरी संपवतात.

चाचणी

सर्वांत आधी गोंगाटाची पातळी. अँटेनाच्या जागी ५० ओहम लावा आणि आरएसएसआय (आलेल्या सिग्नलची ताकद सांगणारे रजिस्टर) वाचा: मूल्य १२८ किंवा जास्त असेल तर २५६ वजा करा, निम्मे करा, ७४ वजा करा. २०३ किलोहर्ट्झला −११० च्या खाली यायला हवे. मग अँटेना लावून वाचा, मग मायक्रोकंट्रोलर पूर्ण वेगाने चालवून, मग सेन्सर चालू करून. ज्या पायरीला आकडा −१०० किंवा −९५ वर उडी मारेल तो तुमचा चोर. बहुतेक वेळा तो स्विचिंग रेग्युलेटर असतो किंवा जीडीओ० वर अजून चालू राहिलेले तेच १३५ किलोहर्ट्झचे घड्याळ. क्रिस्टल मोजून झाल्यावर त्या पिनला दुसरे काम द्या, आणि वापरात नसलेल्या जीडीओ पिनांच्या रजिस्टरमध्ये हेक्स २एफ लिहा, म्हणजे त्या शून्यावर स्थिर राहतील.

नंतर संवेदनक्षमता. ट्रान्समीटर −३० डीबीएमवर ठेवा, मध्ये केबल आणि ७० डेसिबलचे अॅटेन्युएटर, मग एकेक डेसिबल वाढवत १००० पॅकेटे पाठवा. ९९० पोचतात ती शेवटची पातळी लिहून ठेवा. ट्रान्समीटर बॅटरीसकट घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात हवा, नाहीतर सिग्नल केबल सोडून हवेतूनच पोचतो. तपासणी सोपी आहे: केबल काढा, एकही पॅकेट आले तर डबा गळतो आहे. हीच चाचणी उणे १० आणि ६० अंशांना, एक बोर्ड गरम आणि दुसरा थंड ठेवून करा. दोन्ही एकत्र तापवले तर दोन्ही क्रिस्टल एकाच दिशेने सरकतात आणि दोष लपतो.

शेवटी झोपेतला प्रवाह. चिप ०.२ आणि घड्याळासकट मायक्रोकंट्रोलर १ ते २ मायक्रोअँपिअर, म्हणजे २-३ च्या वर काही दिसले तर शोधा. मोकळी सुटलेली इनपुट पिन, झोपेत बंद न होणारा सेन्सर, एसपीआयच्या वर ओढलेल्या तारा, या क्रमाने पाहा. सगळे ठीक असूनही दमट दिवशी प्रवाह वाढत असेल तर क्रिस्टल आणि चिपच्या पायांमधला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, बोर्ड पूर्ण वाळवून पुन्हा मोजा.